सोन्याच्या नाण्याचं कासव

हाँगकाँगहून परत आलेल्या बाईला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. इमारती खरंच इतक्या उंच आहेत का, बाजारात काय स्वस्त मिळतं, शाकाहारी माणसाचे हाल होतात का, आणि डिस्नेलँड पाहिलंत की नाही? ह्या सगळ्यांची उत्तरं मी हळदीकुंकवाला, भिशीला आणि जिन्यात भेटेल तिला देऊन झाली आहेत. (हाल होतात, पण टोफू आणि भात पुष्कळ मिळतो.) पण तिथलं जे मला सगळ्यांत जास्त आठवतं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. ते आहे एक कासव.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे गेली काही वर्षं नोकरीनिमित्त कौलूनला राहतात. आम्ही उभयता नोव्हेंबरात तीन आठवडे त्यांच्याकडे राहून आलो. तिथलं घर म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकावर एक तीस मजले रचाव्यात तसं. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या बिऱ्हाडातल्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागेल की काय असं वाटतं. म्हणून एक गोष्ट कळली तेव्हा माझा विश्वासच बसेना. ह्या हाँगकाँगची सुमारे चाळीस टक्के जमीन राखीव डोंगर-रानं आहे! गर्दी आहे ती समुद्राकाठच्या पट्ट्यात. तिच्या पाठीशी हिरवे डोंगर उभे आहेत आणि डोंगरांतून थंड पाण्याचे खळखळणारे ओढे येतात. आपल्या कोकणातल्या वहाळांसारखेच, मोठमोठे गोटे असलेले. आमचं कासव ह्या ओढ्यांतलं.

कँटनी बोलीत त्याला ‘गम छिन ग्वाय’ म्हणतात. गम छिन म्हणजे सोन्याचं नाणं, पैसा; ग्वाय म्हणजे कासव. शास्त्रज्ञांनी त्याला १८२५ सालीच नाव दिलं, तीन पट्ट्यांचं कासव अशा अर्थाचं. तपकिरी पाठीवर तीन बोटांनी काजळ ओढावं तशा तीन काळ्या रेघा असतात. माथा पिवळा, आणि मान व पाय ह्यांच्या वळ्यांमधली कातडी थेट पिकल्या पपईच्या रंगाची. पूर्ण वाढलेलं कासव वीतभर, फार तर थोडं जास्त. दिवसा ते दगडाखाली, मुळांच्या बेचक्यात दडून राहतं आणि रात्री खेकडे, गोगलगाई, पडलेली फळं असं मिळेल ते खातं. दक्षिण चीन, हैनान बेट आणि हाँगकाँग एवढाच त्याचा मुलूख.

ह्या जातीला आणि तिच्या भाईबंदांना पेटी-कासवं म्हणतात. आपल्याकडची बहुतेक कासवं घाबरली की डोकं-पाय आत घेतात, पण पुढून-मागून फट राहतेच. पेटी-कासवाच्या पोटाकडच्या पाटीला मधोमध बिजागरी असते. ते डोकं-पाय आत ओढतं आणि मग पाटीचे दोन्ही भाग वर उचलून वरच्या ढालीला चिकटवतं. कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावावं तसं! आत जीव आहे हे बाहेरून कळणारसुद्धा नाही. कोल्हा-कुत्र्याने किती का दात घासेनात, करंडा उघडत नाही. निसर्गाने केवढी सोय करून दिली आहे पाहा. पण माणूस करंडा उघडायच्या भानगडीत पडत नाही. तो करंड्यासकट उचलतो. पळायचं सोडून जागच्या जागी मिटून बसणारा प्राणी उचलायला किती सोपा!

बहिणीने मला पहिल्याच आठवड्यात माँग कॉक भागातला माशांचा बाजार दाखवला. तुंग चॉय स्ट्रीटवर दुकानाच्या दारांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असतात. आपल्याकडे फरसाणाच्या टांगतात ना, तशाच. फक्त आत पाणी आणि रंगीत मासे. खाली परातींसारख्या तबकांत रुपयाएवढी हिरवी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. ही मात्र सोन्याच्या नाण्याची नव्हेत. कानशिलावर लाल पट्टा असलेली ही पिल्लं मूळची अमेरिकेची. मुंबई-पुण्यात मुलांच्या हट्टापायी काचेच्या भांड्यात आपणही आणतो ती हीच. पुढे ती ताटाएवढी होतात, पाण्याला वास मारतो आणि मग कुणीतरी त्यांना गुपचूप तळ्यात सोडून येतं. तिकडे पुण्य म्हणून सोडतात, इकडे कंटाळा म्हणून. तळ्यातल्या मूळच्या जीवांना त्रास सारखाच. वास्तूत भरभराट हवी म्हणून कासव ठेवायचं मनात असेल, तर पितळेचं ठेवावं. ते वाढत नाही. आणि आपल्याकडची रानातली कासवं, ते सुंदर चांदण्यांचं कासवसुद्धा, घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगते.

तिथल्या एका दुकानदाराला बहिणीने तिच्या मोडक्यातोडक्या कँटनीत ‘गम छिन ग्वाय’ आहे का म्हणून विचारलं. तो आधी हसला, मग माझ्या साडीकडे पाहून आणखी हसला आणि हात हलवून त्याने आम्हाला पुढे जायला सांगितलं. ते काही तबकात ठेवायचं कासव नाही हे मला तेव्हाच कळलं.

मग ते गेलं कुठे? त्याचं उत्तर त्याच रस्त्याच्या पुढच्या वळणावर होतं. पितळी, भोपळ्याच्या आकाराचे कमरेएवढे चकचकीत हंडे मांडलेलं एक दुकान. पाहिल्यावर मला आपल्या अमृततुल्यची आठवण झाली. पण इथे वाटीतून मिळते ती काळीकुट्ट, थलथलीत खळ. ‘ग्वाय लिंग गो’ म्हणजे कासवाची जेली. कडू, म्हणून वरून साखरेचा पाक घालून खातात. कासवाच्या पोटाकडची पाटी आणि चोपचिनीच्या जातीचं एक मूळ इतर वनस्पतींबरोबर तासन् तास उकळायचं, अशी ही जुनी कृती. अंगातली उष्णता जाते, तोंडावरच्या पुटकुळ्या जातात, असं म्हणतात. कॉलेजातल्या मुली उभ्याउभ्या खाताना दिसल्या. आता बहुतेक ठिकाणी तिच्यात स्वस्तातल्या दुसऱ्या कासवाची पाटी असते, नाहीतर कासव नसतंच. पण मूळ कृतीतलं कासव म्हणजे आपलं हे तीन रेघांचं. मी चव घेतली नाही. ह्यांनी चमचाभर घेतली आणि ‘आपला काढा बरा’ असा शेरा मारला.

ह्या जेलीची एक गोष्ट सांगतात. तुंगची नावाच्या चिनी बादशहाला देवी आल्या. ह्या काळ्या खळीने त्याला उतार पडत होता, पण राजमातेच्या मनात देवीच्या पूजेने गुण येईल असं होतं, तिने औषध थांबवलं आणि बादशहा गेला. १८७५ साली तो अठरा वर्षांचा असताना वारला हे खरं. बाकीची कहाणी. पण बघा, औषध न घेतल्याने माणूस गेला, ही गोष्ट औषधाची केवढी जाहिरात करते! घेऊन गेला असता तर कुणी सांगितलीच नसती.

एवढ्यावर भागलं असतं तरी हे कासव कदाचित तगलं असतं. पण गेल्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत एक समज चीनभर पसरला की ह्या कासवाने कर्करोग बरा होतो. चीनमध्ये तेव्हा लोकांच्या हाती पैसा खेळायला लागला होता. भाव चढत चढत एका कासवाला हजारो अमेरिकी डॉलर मोजले जाऊ लागले. नावच सोन्याचं, किंमतही तशीच झाली. डोंगरातल्या एका गरीब माणसाला रात्रीच्या एका पिंजऱ्यात वर्षाची कमाई सापडू शकते म्हटल्यावर पुढचं सांगायला नकोच. आज जगातल्या सर्वांत धोक्यात आलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. आंतरराष्ट्रीय यादीत २००० सालापासून ते ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या शेवटच्या पायरीवर उभं आहे.

कर्करोगावर त्याचा गुण येतो असं कुठल्याही वैद्यकीय चाचणीत दिसलेलं नाही. हे मी इथे एका ओळीत लिहिते आहे, पण बहिणीच्या शेजारणीसमोर मला ते तोंडातून काढता आलं नाही.

ह्या शेजारीणबाई निवृत्त शिक्षिका. इंग्रजी चांगलं बोलतात. मी पोळ्या करते ते पाहायला दोनदा येऊन बसल्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी पोटाच्या कर्करोगाने गेले. कासवाचा विषय मीच काढला होता, त्या दुकानाबद्दल विचारायला म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, “आम्ही ते केलं होतं. माझ्या भावाने सीमेपलीकडून एक आणलं होतं. किती पैसे दिले ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंद आचेवर सूप ठेवलं. यजमान दोन वाट्या प्यायले. दोन महिन्यांनी गेले.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण केलं नसतं तर आज माझ्या मनाला काय सांगितलं असतं?”

मैत्रिणींनो, ह्या प्रश्नाला तुमच्यापैकी कितीजणी उत्तर देऊ शकतील? आमच्या थोरल्या भावजींच्या दुखण्यात जाऊबाईंना कुणी काय काय सांगितलं ते मी पाहिलं आहे. कुणी गोमूत्र म्हणे, कुणी कुठल्याशा गावच्या वैद्याची पुडी, कुणी अमक्या झाडाची साल अमावस्येला काढलेली. जाऊबाई शिकलेल्या, पण येईल त्याचं ऐकत होत्या. त्या वेळी कुणी ‘सोन्याचं कासव’ म्हटलं असतं तर त्यांनी पाटल्या मोडून आणलं असतं. तेव्हा कासवं संपवणारे सगळे लोभीच असतात असं मला म्हणवत नाही. पिंजरा लावणारा लोभी असेल, विकणारा तर नक्कीच. पण साखळीच्या टोकाला बहुधा स्वयंपाकघरात उभी असलेली एक घाबरलेली बाई असते.

आता कुणी म्हणेल, कोंबड्यांसारखी कासवंही पाळून वाढवावीत, म्हणजे रानातली सुटतील. चीनमध्ये हे करून झालं आहे. तिथे कासवांचे पुष्कळ पैदासवाडे आहेत आणि ही जातही तिथे वाढवतात. पण आपण नाही का गावठी अंड्याला दोन रुपये जास्त देत? तसंच तिथे रानातल्या कासवात ताकद जास्त अशी समजूत आहे, म्हणून त्याचा भाव वर. शिवाय पैदासवाड्यांनाच वाणासाठी नवी रानटी कासवं हवी असतात. म्हणजे पैदास वाढली तरी रानातल्या कासवाच्या मागचा फेरा काही सुटलेला नाही.

आणि कासव म्हणजे कोंबडी नव्हे. मादी वयात यायलाच वर्षं लागतात. मग वर्षातून एकदा ती ओढ्याकाठच्या मातीत अंडी घालते, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली काही साप-मुंग्या खातात, पिल्लांतली बरीच पहिल्या वर्षी जातात. हा सगळा तोटा ती कशावर भरून काढते? तर दीर्घ आयुष्यावर. वर्षांमागून वर्षं थोडी थोडी अंडी घालत राहिली की जन्मभरात तिची दोन-चार तरी मोठी होतात, आणि तेवढ्यावर वंश चालतो. हिशेब फार नेटका आहे, पण त्यात एक अट आहे: मोठी मादी मरता कामा नये. पिंजऱ्यात मात्र नेमकी मोठीच सापडते, कारण मोठ्याला वजनावर पैसे. एक मादी उचलली की पुढची तीस-चाळीस वर्षंच उचलली.

ह्याच्या भाईबंदांची कथा तर आणखी विचित्र आहे. युन्नानचं पेटी-कासव २००० साली नामशेष म्हणून जाहीर झालं होतं. चार वर्षांनी ते कुनमिंग शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात जिवंत सापडलं. आणखी एक आहे, झोऊचं पेटी-कासव. १९९० साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती बाजारात मिळालेल्या कासवांवरून. रानात ते आजवर एकाही शास्त्रज्ञाला दिसलेलं नाही. बाजारात विकायला येतं, पण त्याचं माहेर कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही.

शेजारीणबाईंनीच मला सुचवलं की एवढी गोडी आहे तर कदूरी फार्म पाहून या, आणि जवळच्याच खेड्यात माझी नणंद राहते, तिच्याकडे जा. तिच्याकडे एक आहे. मी दचकले. ‘एक आहे’ म्हणजे जिवंत? हो, जिवंत आणि परवान्याचं. त्यांची मुलगी दुभाषी म्हणून आमच्याबरोबर आली.

ताय पो मार्केट स्टेशनवरून ६४ के नंबरची बस मिळते. वीसेक मिनिटांत उंच इमारती मागे पडतात आणि लाम च्युनचं खोरं लागतं. तिथे एक नवसाचा वड आहे. वड! मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पूर्वी लोक मनातली इच्छा कागदावर लिहून, संत्र्याला बांधून फांद्यांवर भिरकवायचे. २००५ च्या चिनी नवीन वर्षात ओझ्याने एक फांदी मोडून माणसांच्या अंगावर पडली. तेव्हापासून खऱ्या वडाला विश्रांती आहे आणि संत्री एका कृत्रिम झाडावर फेकतात; संत्रीही प्लॅस्टिकची. आपल्याकडे वटपौर्णिमेला फांद्या तोडून बाजारात आणतात त्यापेक्षा हे बरं, असं मी बहिणीच्या कानात सांगितलं.

कदूरी फार्म हाँगकाँगच्या सर्वांत उंच डोंगराच्या, ९५७ मीटरच्या ताय मो शानच्या उतारावर आहे. चढण चांगलीच आहे, चपला साध्या घालाव्यात. कदूरी हे नाव मुंबईकर मैत्रिणींना ऐकल्यासारखं वाटेल. माझगावला सर एली कदूरी शाळा आहे ना, तेच घराणं! हे मूळचे बगदादचे ज्यू. एली कदूरी १८८० मध्ये ससूनांच्या पेढीचे नोकर म्हणून मुंबईमार्गे चीनला गेले आणि पुढे मोठे उद्योगपती झाले. माझगावची शाळा १८७५ साली बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी काढली होती. पुढे कदूरींच्या देणगीमुळे तिला त्यांचं नाव मिळालं. हाँगकाँगच्या डोंगरावर उभं राहून माझगाव आठवेल असं कुणाला वाटलं असतं!

एलींची मुलं लॉरेन्स आणि होरेस. १९४९ नंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे हाँगकाँगला आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. ह्या दोघा भावांनी १९५१ मध्ये त्यांच्यासाठी शेती-मदत संस्था काढली आणि १९५६ मध्ये ह्या उघड्याबोडक्या उतारावर फार्म उभारलं. कोंबड्या, डुकरं, बी-बियाणं, बिनव्याजी कर्ज अशी ती मदत. विधवा बायकांना डुकरं दिली, म्हणजे त्यांना आपल्या पायावर उभं राहता यावं. निवृत्तीला आलेल्या गुरखा शिपायांना इथेच शेतीचे धडे देत असत. पुढे हाँगकाँगात शेतकरीच उरले नाहीत तसं फार्मचं काम बदललं. १९९५ मध्ये नवा कायदा होऊन ते निसर्ग राखणारी संस्था झालं. आता तिथे जखमी घुबडं, पकडून आणलेली माकडं, साप आणि कासवं ह्यांचा दवाखाना आहे.

तिथली एक हकिकत ऐकून माझ्या अंगावर काटा आला. डिसेंबर २००१ मध्ये हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांनी चोरट्या व्यापारातली जिवंत कासवं पकडली. किती? सुमारे दहा हजार. आशियाच्या निरनिराळ्या देशांतल्या बारा-एक जातींची, एकमेकांवर रचलेली. सगळी खाण्याच्या बाजारात जायची होती. ती उतरवून घ्यायला जागा होती ती ह्या फार्मची. लग्नाच्या मांडवात अचानक हजार पाहुणे आले तर यजमानीणबाईची काय अवस्था होईल, तशी त्यांची झाली असणार. धुवायचं, तपासायचं, मेलेली वेगळी काढायची. जगली त्यांतली कितीतरी पुढे विमानाने अमेरिकेत आणि युरोपात, सांभाळू शकणाऱ्या संस्थांकडे पाठवली गेली. कासवं विमानाने जातात, हे मी आईला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

तीन रेघांच्या कासवांची जोपासना आणि पैदासही फार्म करतं. रानात कुठल्या ओढ्यात ती अजून आहेत हे मात्र ह्या कामातली माणसं कुणाला सांगत नाहीत. ओढ्याचं नाव बाहेर फुटलं की आठवड्यात पिंजरे लागतात. पिंजऱ्यात वास मारणारी मासळी घालून तो दगडाआड पाण्यात ठेवायचा, एवढीच ती युक्ती. डोंगरात फिरायला जाणाऱ्यांना असे पिंजरे अजून सापडतात. पिंजरा पूर्ण बुडलेला असला तर कासव गुदमरून मरतंही, कारण पाण्यात राहत असलं तरी श्वासाला त्याला वर यावं लागतं. दुर्मिळ प्राण्यांच्या चोरट्या व्यापाराला हाँगकाँगने २०१८ पासून दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे. कायदा कडक आहे, पण रात्रीच्या ओढ्यावर शिपाई कुठून उभे करणार?

दुपारी आम्ही नणंदबाईंच्या खेड्यात गेलो. फरशीचं तीन मजली टुमदार घर, दारात कढीलिंबासारखं दिसणारं झाड आणि पूर्वजांच्या फोटोपुढे उदबत्ती. आजीबाई पंच्याहत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, पण डोळे तल्लख. माझ्या हातावरची मेंदी त्यांनी बोटाने पुसून पाहिली. चहा झाल्यावर परसात नेलं. तिथे सिमेंटचं हौदवजा टाकं, वर लोखंडी जाळी, जाळीला दोन कुलुपं. आपण तिजोरीला लावतो तशी! अशी कासवं घरातून चोरीला जातात म्हणून.

“मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा ते होतंच,” आजीबाई म्हणाल्या. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं झाली. सासऱ्यांनी ते वरच्या ओढ्यातून आणलं होतं. तेव्हा तिथे ती पुष्कळ असत. घरात कासव असलं की आयुष्य वाढतं, लक्ष्मी टिकते, म्हणून सासूबाईंनी ते जीव लावून सांभाळलं आणि जाताना किल्ल्यांबरोबर सुनेच्या हवाली केलं. सरकारी परवाना भिंतीवर काचेत लावलेला होता, लग्नाच्या फोटोशेजारी.

आजीबाईंनी ते उचलून माझ्यापुढे धरलं. खटकन करंडा मिटला. मी असा आवाज अपेक्षिला नव्हता. पाच-सात मिनिटं आम्ही सगळ्या गप्प उभ्या होतो, तेव्हा कुठे पुढची फट किंचित उघडली आणि पिवळं नाक दिसलं. ती मादी आहे. दर उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या वाळूत दोन-चार अंडी घालते. नर नाही, त्यामुळे ती अंडी वाया जातात. पन्नास उन्हाळ्यांची अंडी! फार्मला देऊन टाकावी असं आजीबाईंच्या मनात येतं. मुलगा कॅनडात आहे. सुनेला कासव नको आहे, पण त्याची किंमत दोघांनाही माहीत आहे. “सासूबाईंची वस्तू. कुणाला द्यायची ते माझं मला ठरवायला नको का?” असं त्या म्हणाल्या, आणि अजून ठरलेलं नाही.

मला एक गोष्ट मघापासून टोचत होती. शेजारीणबाईंचे यजमान म्हणजे ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांच्या दुखण्यात सीमेपलीकडून एवढे पैसे मोजून कासव आणावं लागलं, आणि इथे बहिणीच्या परसात हे होतं. मी काही विचारलं नाही. मला धैर्य झालं नसतं. पण आजीबाई आपणहून बोलल्या. कदाचित भाची समोर होती म्हणून. बोलणं बराच वेळ चाललं. मुलीने मला सांगितलं ते एवढंच: “आत्या म्हणते, तुझ्या आईने मागितलं नाही. मागितलं असतं तर मी दिलं असतं की नाही, ते मला अजून माहीत नाही.”

मुलगी घरी जाऊन आईला हे सांगणार का, ते मला कळलं नाही. तिने आत्याच्या हातातून कासव घेतलं आणि टाक्यात ठेवलं. आजीबाईंनी खिशातून पपईची एक फोड काढून पाण्याकडेला ठेवली, जाळी ओढली, आणि एकामागून एक दोन्ही कुलुपं लावली. आम्ही जाळीतून पाहत राहिलो. बसची वेळ होत आली तेव्हा ते बाहेर आलं आणि पपई खाऊ लागलं.